एकच कागद कमी

माझ्या डाव्या गालावर तीळ आहे. आज हे मी छातीठोक सांगतो, पण वयाच्या सव्विसाव्या वर्षी मला ते सांगता आलं नव्हतं आणि त्यापायी भाड्याची खोली हातची जाणार होती.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथल्या एका ठेकेदाराच्या कचेरीत मी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो आणि राहायला जागा मिळत नव्हती. घिवलीत एक निवृत्त पोस्टमन आहे, वाडीतल्या घराची पडवी भाड्याने देतो, पण माणूस जरा विक्षिप्त आहे, असं कळलं. गेलो. म्हातारा अंगणात नारळ सोलत बसला होता. माझं बोलणं ऐकून घेतलं, आत गेला आणि पट्टीने रेघा मारून तयार केलेला एक फॉर्म आणून माझ्या हातात दिला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, देवी टोचल्याची तारीख. शेवटचा रकाना, ओळखीची खूण.

पडवीच्या खांबाला आरसा होता. त्यात पाहिलं तर तीळ डावीकडे. आता आरशात सगळं उलटं दिसतं हे मी मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. शिक्षणाचा उपयोग अशा वेळी नाही करायचा तर कधी? मी ऐटीत लिहिलं, ‘उजव्या गालावर तीळ.’

म्हाताऱ्याने फॉर्म वाचला. मग माझी हनुवटी धरली आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसं माझं तोंड उजेडाकडे फिरवलं.

“तुमाला तुमचाच गाल वळखत नाय, तर परक्या मुलखातला साहेब कसा वळखंल?”

“पण मी परक्या मुलखात कुठे चाललोय? मला तर इथे राहायचंय.”

“आज नाय चाललात,” असं म्हणून त्यांनी मला दुसरा कोरा फॉर्म दिला.

हे आमचे घरमालक. पुढची साडेतीन वर्षं मी त्यांना काका म्हणत होतो. गाव त्यांना मागून ‘विलायतवाला’ म्हणे आणि समोरून काहीच म्हणत नसे, कारण समोर गेलं की ते देवीचा दाखला विचारत.

काकांच्या घरात कॉटखाली एक लोखंडी ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत काका आणि काकी, दोघांचं कागदी शरीर ठेवलेलं होतं. पासपोर्टचे अर्ज, त्यांच्या हाताने केलेल्या नकला, पोलीस पाटलाचा दाखला, लग्न झाल्याचं भटजींनी लिहून दिलेलं पत्र, देवी टोचल्याची पिवळी पुस्तकं. घरात काय शिजतंय हे काकांना ठाऊक नसे, पण कोणता दाखला कोणत्या महिन्यात शिळा होतो हे तोंडपाठ. “साहेब मानूस बघत नाय,” ते म्हणायचे, “कागद बघतो. मानूस मागनं आत येतो, कागदाचं बोट धरून.”

विलायतेत त्यांचा एकुलता एक मुलगा होता. सात वर्षांपूर्वी गेला, तेव्हा तिकडची दारं उघडी होती. गेलेला परत आला नव्हता. आणि काकींच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं होतं की नजर कडेकडेने मिटत जाईल आणि गेलेली परत येणार नाही. मी राहायला गेलो तेव्हा काकींना समोरचं तेवढं दिसत होतं, बांबूच्या नळीतून बघावं तसं. ती नळी बुजायच्या आत पोराचं तोंड बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि काकांनी ते मागणं मनीऑर्डरीसारखं अंगावर घेतलं होतं. पोचवायचं म्हणजे पोचवायचं.

पण तिकडचे नियम दर काही महिन्यांनी बदलत. आधी म्हणे मुलाचं पत्र घेऊन विमानातून उतरलं की पुरे होतं. मग हमीपत्र लागायला लागलं. मग वयाची अट आली. मग ऐकू आलं की तिकडे उतरून विचारपूस नको, मुंबईच्या कचेरीतूनच परवान्याचा दाखला घेऊन जावा. काका दर बुधवारी बोईसरला जाऊन शिळी वर्तमानपत्रं चाळत, आणि नियम बदलला असं वाटलं की परत येऊन आधी दाढी करत. मग काकींना नवं लुगडं नेसवून एसटीने पालघरला फोटो काढायला नेत. “नवा नियम, नवा फोटो,” असा त्यांचा स्वतःचाच एक नियम होता.

त्या फोटोंच्या जास्तीच्या प्रती ओटीवरच्या भिंतीला ओळीने चिकटवलेल्या होत्या. पहिल्या फोटोत काकी सरळ आपल्याकडे बघतात. तिसऱ्यात थोड्या बाजूला. पाचव्यात त्या कॅमेऱ्याच्या शेजारी कुणीतरी उभं आहे असं समजून त्याच्याकडे बघतायत. माझ्या बायकोने लग्नानंतर घिवलीत आल्या आल्या ती भिंत पाहिली, रात्री मला म्हणाली, “अहो, तेवढा पडदा लावता येईल का हो त्या भिंतीला?” लावता आला नाही. काका म्हणाले, रेकॉर्ड हाय.

रविवारी चारच्या चहानंतर तालीम असे. काका पोस्टाचा जुना खाकी कोट चढवून टेबलामागे बसत आणि विलायती साहेब होत. काकी समोर उभ्या. माझी बायको दुभाषी. मी पट्टेवाला. मला बोलायला वाक्य नव्हतं, फक्त दार उघडायचं होतं, तेही दोनदा चुकीच्या वेळी उघडलं म्हणून माझी बदली बाकावर झाली.

“कशाला आलीस?” साहेब विचारी.

“पोराला बघायला.”

“किती दिस ऱ्हानार?”

“डोळं हायेत तवर.”

“अगो, असं नाय बोलायचं!” कोटातला साहेब पळून जाई आणि नवरा उरे. “आजारी मानूस आत घेत नाय ते. सांग, पोरगा ठेवंल तवर.”

“पोरगा मला ठेवंल,” काकी म्हणायच्या, “तुमचं बोला.”

यावर काका पुढचा प्रश्न विचारत.

काकींच्या त्या उत्तराचा अर्थ मला पत्रांमुळे कळला. दर दोन महिन्यांनी मुलाचं एक निळं पत्र येई, काकींच्या नावाचं. काकींना वाचता येत नव्हतं. काकांना येत होतं, पण तीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस दुसऱ्याच्या नावाचं पाकीट उघडत नाही. “ज्याचं पत्र त्याच्या हातात. ती ज्याला देईल तो वाचंल.” काकी माझ्या हातात देत. मी ओटीवर मोठ्याने वाचायचो आणि काका अंगणात आमच्याकडे पाठ करून नारळ सोलत. वाचन चालू असेपर्यंत अंगणात रोवलेल्या लोखंडी पहारेवर नारळ आपटल्याचा आवाज येत नसे. पत्रात आईची चौकशी असे, वाडीची असे, म्हशीचीसुद्धा असे. बापाचं नावही नसे.

एकदा दिवाळीच्या सुमाराला आलेलं पत्र वाचताना मला ते सहन झालं नाही. आपल्याला वाटतं आपण मोठे दयाळू. शेवटच्या ओळीनंतर मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, “बाबांना साष्टांग नमस्कार.”

काका अंगणातून उठून आले. पत्राला हात लावला नाही, दोन हात अंतरावर उभे राहिले.

“कुठल्या ओळीत?”

मी पत्राची घडी घालायला लागलो.

“बोट ठेव. कुठल्या ओळीत?”

मला बोट ठेवता येईना. काकींनी मान फिरवली. काका अगदी मऊ आवाजात म्हणाले, “कागदात नाय ते बोलायचं नाय, बाबा.” आणि पुन्हा जाऊन पहारेशी बसले. त्या दिवसापासून ते मला अहो-जाहो सोडून अरे-तुरे करायला लागले. ती बढती होती की शिक्षा हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी काकींनीच मला सांगितलं. पोरगा मॅट्रिक झाल्यावर काकांनी खटपट करून त्याला पोस्टात चिकटवायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, मी लोकांची पत्रं वाटत उन्हातून फिरणार नाही. काकांच्या हाताशी पितळेचा तांब्या होता, तो त्यांनी फेकला. “डोळा वाचला,” काकी म्हणाल्या, “भुवई फुटली.” दोन महिन्यांनी पोराने विलायतेचा अर्ज आणला. इंग्रजीत फॉर्म भरणारं घरात दुसरं कोण? काकांनीच भरला. एकेक रकाना भरत शेवटी ओळखीच्या खुणेपाशी आले. “तवा त्याच्या तोंडाकडे लई येळ बघितलं यांनी,” काकी म्हणाल्या. “मग लिव्हलं.” पोराने खाली सही केली आणि त्यानंतर बापाशी बोलला नाही.

त्या फॉर्मची नक्कल मी पुढे ट्रंकेत पाहिली. काकांचं अक्षर एरवी पोस्टाच्या शिक्क्यासारखं सरळ. तेवढी एक ओळ उतरती आहे. ‘डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.’

मुलाने हमीपत्र पाठवलं तेही फक्त आईसाठी. पण तिकडचा नियम आम्हाला जो कळला तो असा, की आई विधवा असेल तर एकटी येऊ शकते. नवरा हयात असेल तर दोघांनी मिळून यायचं, आणि नवरा पासष्टच्या वर हवा. काकांना आनंद झाला. त्यांना सहासष्टावं चालू होतं. जायला मिळणार, तेही नियमानेच, पोराला आवडो न आवडो!

आणि मग शाळेचा दाखला आला. काकांच्या वडिलांनी त्यांना शाळेत घालताना चार वर्षं कमी सांगितली होती. आपल्याकडे सगळेच सांगत. पोरगं उद्या सरकारी नोकरीला लागलं तर तेवढीच चार वर्षं जास्त टिकेल, हा हिशोब. मास्तरांनी तारीख नेहमीप्रमाणे एक जून टाकली. काकांना नोकरीत ती चार वर्षं मिळालीसुद्धा. आता कागदावर ते बासष्टचे होते, आणि कागदावाचून माणसाला वय नसतं हे जन्मभर तेच सांगत आले होते.

तरी ते लढले. दारातला माड त्यांच्या जन्माच्या पावसाळ्यात लावलेला होता, असं त्यांची आई सांगे. माडाची झावळी गळली की खोडावर वळ राहतो, वर्षाला साधारण बारा. काकांनी मला शिडी धरायला लावली आणि कमरेला दोर बांधून, सहासष्टाव्या वर्षी म्हणा की बासष्टाव्या, वर चढत वळ मोजले. मी खाली वहीत दर शंभराला फुली मारायची होती. मी सहाशेनंतर एक फुली विसरलो, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांदा चढावं लागलं. मोजणीचा कागद दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी फायलीत गेला. एक साक्षीदार मी.

मी दोघांना मुंबईच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथला साहेब सभ्य होता. माडाचा कागद त्याने दुभाष्याकडून पूर्ण वाचून घेतला, हसला नाही. मग म्हणाला, दाखल्याप्रमाणे तुम्ही बासष्ट. तीन वर्षांनी या. काकांनी काकींच्या डोळ्यांबद्दल काहीच काढलं नाही. काकींनी, शिकवल्याप्रमाणे, दारापासून खुर्चीपर्यंतची नऊ पावलं न चाचपडता टाकली होती. तीन वर्षांनी त्या नऊ पावलांचा काही उपयोग नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

परतीच्या गाडीत काकी खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. वैतरणेच्या पुलावर गाडी सावकाश झाली. काका फाईल मांडीवर उघडून एकेक पान उलटत म्हणाले, “तिचं सगळं हाय बघ. पासपोर्ट हाय. देवीचा हाय. हमीपत्र हाय.” मग फाईल बांधली. “म्हनजे एकच कागद कमी हाय.”

मी मूर्खासारखं विचारलं, “कुठला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी गाल बघितला होता तसं. आणि खाडीकडे तोंड फिरवलं.

पुढल्या वर्षी भाद्रपदात त्यांना ताप भरला. डॉक्टर नको, असं तेच म्हणत होते. पाचव्या दिवशी मी न विचारता बोईसरहून डॉक्टर आणला. त्याने औषधाची बाटली दिली, डोसाच्या रेघांची कागदी पट्टी चिकटवलेली. दर तीन तासांनी एक डोस. काका म्हणाले, तू कामावर जा, मी घेतो, मला घड्याळ कळतं. मी गेलो. मला जायला आवडलंच, आजाऱ्याजवळ बसायचा मला कंटाळा. त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. बाटली फळीवर होती. औषध अजून पट्टीच्या सगळ्यात वरच्या रेघेवर होतं.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. काकींच्या फायलीत सगळ्यात मागे एक कोरा कागद टाचलेला होता, वर सरळ अक्षरात मथळा, ‘माझ्या मृत्यूचा दाखला. तीन प्रती.’ तीन टाचण्याही लावून ठेवल्या होत्या.

आता माझी करणी. मृत्यूची नोंद करायला पंचायतीत मी गेलो होतो. लिहिणाऱ्याने विचारलं, वय? मला एकदम दारातला माड आठवला. ती शिडी, ते वळ, ते साहेबासमोर गप्प बसणं. वाटलं, जन्मभर चार वर्षं खोटी वागवली या माणसाने, मेल्यावर तरी एका कागदावर खरं वय लागू दे. मी ठासून सांगितलं, “सदुसष्ट.” आणि फार चांगलं काम केल्याच्या भावनेने घरी आलो.

मुंबईच्या साहेबाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. फायलीतला नवरा त्रेसष्टचा असायला हवा, मेलेला सदुसष्टचा. हे दोघे एकच कशावरून? त्याची शंका रास्त होती. मलाच त्याच्या जागी बसवलं असतं तर मीही तेच विचारलं असतं.

दुरुस्तीला सात महिने लागले. पालघरला किती खेटे घातले ते सोडा. शेवटी मी शपथेवर लिहून दिलं की मयताचं वय मी खोटं सांगितलं होतं. आयुष्यात अनेकदा खोटं बोललो, त्याची शपथ कुणी घ्यायला लावली नाही. एकदाच खरं बोललो, तर ते खोटं होतं म्हणून सही करावी लागली. काकांनी एका वाक्यात शिकवलेलं होतं, कागदात नाही ते बोलायचं नाही. मी शिकलो नव्हतो.

चैत्रात एका सकाळी काकी पडवीत येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, “सूनबाई, आज दिवा नाय लावलास?” ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं.

मला काय झालं ते कळायला वेळ लागला. बायकोला लगेच कळलं. ती म्हणाली, “लावते हं काकी,” आणि खरंच उठून दिवा लावला, भर आठ वाजता. तो दिवा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

वैशाखात काकींना परवाना मिळाला. तालीम बायकोने घेतली होती. नऊ पावलं, खुर्ची, “पोराला बघायला.” बघायला हा शब्द काकींनी बदलला नाही, आम्हीही बदलू म्हटलं नाही. बोईसरचं एक कुटुंब त्याच विमानाने जाणार होतं, त्यांच्या हाती त्यांना सोपवलं. निघताना काकींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, डाव्या गालावर बोट थांबलं. “हितंच हाय ना रे तुजा तीळ? ते सांगायचे, याला ठावं नाय.”

दीड महिन्याने निळं पत्र आलं. या खेपेला माझ्या नावाचं. बायको दारात माडाखाली तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्यानेच वाचून दाखवायला लागलो. मुलाने लिहिलं होतं: आई सुखरूप पोचली. विमानतळावर मी समोर उभा राहून हाक मारली, तर म्हणाली, आवाज बदललाय, तू दुसरा कुणी असशील. मग तिने माझं कपाळ चाचपलं. भुवईवरच्या व्रणावर बोट लागलं, तेव्हा म्हणाली, तोच हाय. इतकी वर्षं मी तो व्रण केसांखाली झाकत आलो. तिने केस मागे सारले ते आता तसेच ठेवतो. तुम्ही केलंत त्याबद्दल आभारी आहे. बाबांची तिथी कोणती ते कळवावं, इथे जमेल तसं करीन.

बायकोचा हात सुपात थांबला. माझं पत्रवाचन तिला ठाऊक होतं. दिवाळीच्या त्या पत्राची गोष्ट मीच तिला लग्नानंतर कबूल केली होती.

“अहो, खरं सांगा,” ती म्हणाली. “बाबा म्हणून लिहिलंय? कुठल्या ओळीत?”

मी तिच्याजवळ बसलो आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिने ती ओळ हळूहळू, दोनदा वाचली. मग पत्राची घडी केली, आत जाऊन ट्रंक उघडली, काकींच्या रिकाम्या फायलीत काकांनी लावून ठेवलेल्या टाचण्यांपैकी एकीने ते लावून टाकलं, आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

“कमी होता तो हा कागद,” ती म्हणाली.